‘मी माझ्या पैशाने पितो, कुणाचं काय बिघडवतो?’ म्हणणाऱ्या भावाला काय सांगायचं

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. धाकटा भाऊ, वय ३४. पितो बऱ्याच वर्षांपासून, पण गेल्या वर्षभरात रोज. अलीकडे सकाळी हात कापतात म्हणून उठल्या उठल्या घोटभर घ्यावी लागते आणि रात्री झोपेच्या गोळ्याही सुरू झाल्यात. त्याची उधारी आई फेडते. कामावर ‘त्याला ताप आहे’ असा फोन तुम्ही करता. वहिनी सात वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी जायच्या विचारात आहे. विषय काढला की तो एकच वाक्य बोलतो: ‘मी माझ्या पैशाने पितो, कुणाचं काय बिघडवतो?’ तुम्हाला चार गोष्टी हव्या आहेत. त्याला पटेल असं उत्तर काय, त्याला आठवडाभर खोलीत बंद करून दारू तोडता येईल का, ओळखीच्या बाईंनी दिलेली गोळी त्याच्या जेवणात मिसळावी का, आणि यातलं काहीच जमलं नाही तर त्याला सोडून द्यावं का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं व्यसनमुक्तीचंच काम करते. मधले दोन प्रश्न थांबू शकत नाहीत, म्हणून आधी त्यांचं उत्तर देते.

खोलीत बंद करू नका. सकाळी हात कापणं आणि घोट घेतल्यावर ते थांबणं म्हणजे त्याचं शरीर आता दारूवर अवलंबून आहे. दारू मेंदूला मंदावते. रोज मंदावणाऱ्या पदार्थाशी सामना करत करत मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक बंद झाली की मंदावणारं काही उरत नाही आणि वाढलेली उत्तेजना तशीच राहते. म्हणून घाम येतो, छाती धडधडते, झोप उडते, हातपाय थरथरतात. पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना ज्याला आम्ही ‘डीटी’ म्हणतो ती अवस्था येते, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स. माणूस आपण कुठे आहोत ते विसरतो, कानाला नसलेले आवाज येतात, अंगावर किडे चढताना दिसतात. अशा पेशंटला पलंगावर बसून चादरीवरचे नसलेले धागे एकेक करून वेचताना मी पाहिलंय. शेजारी बसलेल्या बायकोला तो ओळखतही नव्हता. ताप चढतो, रक्तदाब वरखाली होतो आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही येतो. तुमच्या भावाच्या बाबतीत झोपेच्या गोळ्यांमुळे धोका आणखी वाढतो. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मेंदूवर दारूसारखंच काम करतात आणि त्याही अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते.

हेच काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुतेकांचं आठवडाभरात सुरक्षितपणे होतं. बेंझोडायझेपिन गटातलं, म्हणजे मेंदूला शांत करणारं, औषध मोजून देतात आणि रोज कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनने देतात. हे थायमिन किरकोळ वाटतं, पण ते फार महत्त्वाचं आहे. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो. ते वेळेवर मिळालं नाही तर गोंधळ, तिरळी नजर, तोल जाणं अशी लक्षणं दिसतात आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर तो दारू किती घेतो, शेवटची कधी घेतली, कुठल्या गोळ्या किती घेतो आणि आधी कधी फिट आली होती का, हे न लपवता सांगा. तिथे घराण्याची अब्रू मध्ये आणू नका. आणि तोपर्यंत त्याने स्वतःहून ‘उद्यापासून बंद’ म्हटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता गोळीबद्दल. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण जेवणात मिसळायला सांगतात ती बहुतेक वेळा डायसल्फिरम असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या संशोधकांना तिचा दारूवरचा परिणाम लक्षात आला. यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते पुढे मोडतं. ही गोळी ते पुढचं मोडणं अडवते. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. औषध चांगलं आहे आणि मीही ते देते, पण ज्याला सगळं समजावून सांगितलंय, ज्याच्या तपासण्या झाल्यात आणि जो स्वतः ते घ्यायला तयार आहे, अशालाच देते. चोरून दिलेल्या गोळीने तुमचा भाऊ मरणाच्या दारात जाऊ शकतो, आणि वाचला तरी घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडेल. ज्या माणसाला उद्या उपचारांसाठी आपल्यावर विश्वास ठेवायला सांगायचंय, त्याच्या ताटात चोरून काही मिसळू नका.

दारूऐवजी हेरॉइनसारखी नशा घेणारा कुणी ज्यांच्या घरात आहे, त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. त्या नशेची तोड फार त्रासाची असते, पण निरोगी माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. खरा धोका नंतर येतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेला माणूस पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. ‘आता सुटला’ म्हणून घरचे निर्धास्त होतात नेमकं तेव्हाच हे घडतं. अशा घरात नॅलॉक्सोन हे उताऱ्याचं औषध कुठे मिळतं आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. तुम्हाला त्याला निरुत्तर करणारं उत्तर हवंय. तसं ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभरात दारूमुळे सुमारे २६ लाख माणसं गेली. त्याच वर्षी दारूशी संबंधित रस्ते अपघातांत सुमारे २ लाख ९८ हजार माणसं मेली आणि त्यातल्या १ लाख ५६ हजारांचा मृत्यू दुसऱ्या कुणाच्या पिण्यामुळे झाला. २०१० साली संशोधक डेव्हिड नट आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नशेच्या वीस पदार्थांची तुलना छापली. नुकसान मोजायचे सोळा निकष होते. नऊ घेणाऱ्याच्या स्वतःच्या नुकसानीचे आणि सात इतरांच्या. स्वतःच्या नुकसानीत हेरॉइन, क्रॅक (ओढायचं कोकेन) आणि मेथ (एक तीव्र उत्तेजक) हे पदार्थ दारूच्या वर होते. पण इतरांच्या नुकसानीत दारू बाकी सगळ्यांना मागे टाकून वर गेली आणि त्यामुळे एकूण यादीतही पहिली आली. ती सर्वत्र मिळते आणि खूप लोक पितात, हेही त्यामागचं कारण आहे. पण ‘कुणाचं काय बिघडवतो’ या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

तरी हे आकडे तुम्ही त्याला ऐकवू नका, असंच मी सांगेन. कारण तो वाद घालण्यासाठी खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच तसं वाटतं. हे वाक्य मी जवळपास प्रत्येक पेशंटच्या तोंडून कधी ना कधी ऐकलंय आणि बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. तो का असतो हे कळलं, की पुढे काय करायचं तेही कळतं.

त्याच्या पिण्याचं बिल येतं, पण ते त्याच्या हातात पडत नाही. उधारीचं बिल आई भरते. बुडालेल्या कामाचं बिल तुमचा फोन भरतो, आणि जे काम तरीही करायचं राहतं ते त्याच्या शेजारी बसणारा सहकारी निमूटपणे उरकतो. रात्रीच्या आरडाओरड्याचं बिल वहिनी भरते, सकाळी शेजाऱ्यांशी नजर चुकवून. त्याला जाग येते तेव्हा सगळं आवरलेलं असतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर दारूची किंमत बाटलीवर छापली आहे तेवढीच, आणि ती तर तो स्वतःच देतो. मग तो म्हणतो त्यात त्याच्यापुरतं खोटं काय आहे?

समाजाचं नुकसान म्हणतात ते याच वाटेने होतं. आपण व्यसनाचा सामाजिक परिणाम म्हटलं की गुन्हेगारी, दंगा, रस्त्यावर पडलेला माणूस अशी चित्रं डोळ्यांपुढे आणतो. तेही आहे. पण माझ्यासमोर येणारा मोठा भाग शांत आणि अदृश्य असतो. बुडालेल्या पाळ्या, कारण न नोंदवलेले अपघात, अपघात विभागात दुसऱ्याच आजाराच्या नावाखाली भरती झालेले पेशंट, ‘जिन्यावरून पडले’ असं सांगणाऱ्या बायका, शाळेत पेंगणारी मुलं. प्रत्येक जण आपल्या वाट्याचा तुकडा एकटाच आणि लाजेने गप्प राहून भरतो. त्यामुळे सगळ्या तुकड्यांची बेरीज कुणालाच दिसत नाही. पिणाऱ्याला तर नाहीच नाही.

यातला सर्वांत मोठा तुकडा तुमच्या पत्रात जेमतेम एका वाक्यात आलाय. तो तुमच्या भाचीचा. अशा घरातल्या मुलांशी बोलण्यात माझा बराच वेळ जातो. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला समजावून सांगितलं होतं, की किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली तर बाबा ठीक आहेत, किल्ली दारावर खरडली तर नाहीत, आणि बेल वाजली तर किल्ली कुठेतरी पडली आहे, म्हणजे आज दप्तर उचलून आतल्या खोलीत जायचं. ती हे अगदी सहज सांगत होती. तिच्यावर कधी कुणी हात उगारला नव्हता. तिच्या आईची खात्री होती, की ‘तिला काही कळत नाही, ती लवकर झोपते’. पण ती झोपत नव्हती. रोज संध्याकाळी कानात प्राण आणून बसायची, आणि शाळेतून तक्रार होती लक्ष नसल्याची.

अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी १९९८ साली छापलेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. लहानपणी घरात कुणीतरी व्यसनी होतं, असं सुमारे चारांतल्या एकाने सांगितलं. विचारलेल्या सगळ्या वाईट अनुभवांत हाच सर्वांत जास्त जणांच्या वाट्याला आलेला होता. मारहाण, घरातलं मानसिक आजारपण, हिंसा असे चार किंवा अधिक अनुभव ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात पुढे दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण असा एकही अनुभव न आलेल्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं. म्हणजे आजच्या पिण्याचं बिल वीस वर्षांनी एखाद्या वेगळ्याच घरात पोचतं, आणि तिथे ते कुठून आलं हे कुणाला कळतही नाही.

इथवर सांगितलेलं एकत्र करते. अचानक दारू तोडणं आणि चोरून गोळी देणं दोन्ही जिवावर बेतू शकतं, तेव्हा ते नाही. वाद घालून तो मानणार नाही, कारण त्याच्यापर्यंत परिणाम पोचतच नाहीत. तर मग काम दोन बाजूंनी करायचं. परिणाम ज्याचे त्याच्याकडे थोडे थोडे परत जाऊ द्यायचे, आणि त्याच वेळी उपचारांची वाट त्याच्यासाठी शक्य तितकी सोपी करायची. यातलं फक्त पहिलं केलं तर ती शिक्षा होते. फक्त दुसरं केलं तर तो तिकडे फिरकत नाही.

‘परिणाम परत जाऊ द्या’ याचा अर्थ लोक फार घाईने ‘घराबाहेर काढा’ असा लावतात. मला तो मान्य नाही. ‘पूर्ण तळाला गेल्याशिवाय सुधारणार नाही’ ही समजूतही मला धोकादायक वाटते. तळ म्हणजे कुणाचा यकृताचा आजार, कुणाचा अपघात. तो यायची वाट कशाला पाहायची? अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स या मानसशास्त्रज्ञांनी घरच्यांना प्रशिक्षण देण्याची एक पद्धत तयार केली. तिला क्राफ्ट म्हणतात. उपचारांना साफ नकार देणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातेवाइकांवर १९९९ साली तिची परीक्षा झाली. क्राफ्ट शिकलेल्या नातेवाइकांपैकी ६४ टक्क्यांचा माणूस पुढे उपचारांना आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या गटाच्या धर्तीवर ज्यांना मदत मिळाली, त्यांच्यात १३ टक्के. अल-अ‍ॅनॉनवर यात अन्याय होऊ नये म्हणून सांगते, की तो गट पिणाऱ्याला उपचारांना आणण्यासाठी नाहीच. तो नातेवाइकांनी स्वतः सावरावं यासाठी आहे आणि ते काम तो चांगलं करतो. तुम्ही आणि वहिनी दोघींनी जरूर जा.

त्या पद्धतीचा आणि माझ्या अनुभवाचा गाभा तुमच्या घराला लावून सांगते.

सुरुवात फोनपासून करा. कामावर खोटं सांगणं थांबवा, पण न सांगता थांबवू नका. तो शुद्धीवर असताना आधी कळवा: ‘यापुढे मी तुझ्या कामावर फोन करणार नाही. तुझी तक्रारही करणार नाही. जे सांगायचं ते तू सांग.’ आवाज चढवायचा नाही, मागचं काही उकरायचं नाही. उधारीचं आईला एकदम जमणार नाही, कारण कुणीतरी दारात येऊन तमाशा करेल ही तिची भीती खरी आहे. तिला एका दमात कठोर व्हायला सांगू नका. नवी उधारी फेडायची नाही, एवढंच आधी ठरवा आणि ते त्याच्यासमोर एकदाच सांगा. घरातला पसारा, फुटलेली वस्तू, सोफ्यावर झोपलेला माणूस हे सगळं सकाळी त्याला दिसेल असं राहू द्या. जे मात्र चालूच ठेवायचं ते म्हणजे जेवण, औषधपाणी, मुलीचा खर्च आणि जिवाला धोका असेल तेव्हाची मदत. पडला, बेशुद्ध झाला, फिट आली तर ‘परिणाम भोगू दे’ म्हणायचं नसतं. तिथे धावायचंच.

याच्याबरोबर दुसरी अर्धी बाजू आहे आणि ती लोक विसरतात. तो न पिता किंवा कमी पिऊन घरी आला, तर ती संध्याकाळ त्याच्यासाठी चांगली गेली पाहिजे. त्या दिवशी ‘आज कसा काय शहाणा झालास?’ असा टोमणा नको, कालचा हिशेबही नको. त्याच्याशी बोला, एकत्र जेवा, मुलीला त्याच्याजवळ बसू द्या. पिऊन आला तर भांडण न करता दूर व्हा. ‘आत्ता नको, उद्या बोलू’ एवढंच म्हणायचं. व्यसनी माणसाच्या घरात बहुतेकदा नेमकं उलट चालतं. पिऊन आला की सगळ्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर, आणि न पिता आला की सगळे दमून आपापल्या कोपऱ्यात.

उपचारांचं बोलायची वेळ निवडायला शिका. ‘सकाळी शुद्धीत असतो तेव्हा बोला’ असा सल्ला सर्रास देतात. पण तुमच्या भावासारख्याला सकाळी तलफ आणि थरथर असते. त्या वेळी त्याला घोटाखेरीज काही सुचत नाही. हातांची थरथर थांबलेली आहे पण नशा चढलेली नाही, अशी दिवसातली एखादी वेळ असते आणि ती घरच्यांना बरोबर ठाऊक असते. त्यातही एखादी घटना घडून गेल्यावर, म्हणजे कामावरून बोलणी बसली किंवा मुलगी त्याला पाहून आत निघून गेली, की तो स्वतःच अस्वस्थ असतो. तेव्हा थोडकंच बोला: ‘काल छकुली तुला बघून आत गेली, ते तुला लागलं हे मला दिसलं. मलाही वाईट वाटलं. एकदा डॉक्टरांना दाखवूया? दारू सोडतो असं कबूल करायला नको. नुसती थरथर आणि झोप यांबद्दल विचारू. मी येते बरोबर.’ तो ‘ताई, तू नको सुरू करूस’ म्हणाला तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तो ‘बरं’ म्हणाला, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भेट मिळायला हवी. हा होकार फार वेळ टिकत नाही. म्हणून डॉक्टर कोण, वेळ कशी मिळेल, भरती करायची झाली तर कुठे, हे सगळं तुम्ही त्याच्या होकाराआधीच, आत्ताच शोधून ठेवा.

केंद्र शोधताना चार प्रश्न विचारा. तोडीच्या काळात तिथे डॉक्टर असतो का? तपासण्या होतात का? नातेवाइकांना भेटू देतात का? घरी आल्यानंतरचा पाठपुरावा कोण करतं? मारहाण, उपास घालणं, बांधून ठेवणं यांना ‘शिस्त’ म्हणणाऱ्या जागी त्याला अजिबात पाठवू नका. बळजबरीने भरती करता येते का, हे तुम्ही राहता तिथल्या कायद्यावर अवलंबून आहे, त्यामुळे त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही. साधारणपणे जिवाला धोका असेल किंवा भान सुटलं असेल तर मार्ग असतो, आणि तो तिथल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

आता वरचं सगळं ज्या अटींवर बदलतं त्या सांगते. तो मारहाण करत असेल तर आधी वहिनी आणि मुलगी यांची सुरक्षित सोय, बाकी सगळं नंतर. उधारी बंद केल्यावर चवताळून हात उगारेल असं वाटत असेल, तर तसं जाहीर करायच्या आधीच त्या कुठे जाणार हे ठरलेलं हवं. वहिनी माहेरी गेली तर तिला घर मोडणारी म्हणू नका. कधी कधी त्याच्यापर्यंत पोचणारा तोच पहिला खरा परिणाम असतो. तो मरणाच्या गोष्टी करत असेल, सगळ्यांतून मन काढून घेतल्यासारखा वागत असेल, तर ते ‘नाटक’ समजू नका. दारू, झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य एकत्र असताना धोका खरा असतो. घरातला गोळ्यांचा साठा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. रोजच्या गोळ्याही परस्पर तोडू नका. डॉक्टर सांगतील तशा द्या आणि त्याच दिवशी त्यांना भेटा. आणि तो गाडी चालवत असेल तर किल्ल्या कुणाकडे राहतील हे आजच ठरवा. त्यासाठी त्याच्या उपचारांची वाट पाहू नका.

‘हा आजार की त्याची चूक?’ हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. दारूच्या व्यसनाचा कल साधारण निम्मा अनुवांशिक असतो. उरलेलं वय, परिस्थिती, संगत, दारू किती सहज मिळते यांवर ठरतं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात अभ्यास केला होता. तिथे असताना जवळपास पाचांतला एक जण हेरॉइनसारख्या नशेच्या आहारी गेला होता. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा त्या व्यसनात अडकले. परिस्थिती बदलली की व्यसनाची पकड किती बदलू शकते, हे त्यातून दिसलं. म्हणून मी पेशंटला सांगते, की आजार तू मागून घेतलेला नाहीस, पण उपचार तुलाच घ्यायचे आहेत.

तोड संपली की उपचार संपले असं समजू नका. तिथून ते सुरू होतात. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं आहेत. यकृत, मूत्रपिंड पाहून आणि तो अफूच्या जातीचं काही घेत नाही ना याची खात्री करून ती देतात. त्यासोबत समुपदेशन लागतं आणि बऱ्याच जणांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांचा मोठा आधार होतो. १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरताना सुरू केलेली ही चळवळ आहे आणि तिथे पैसे पडत नाहीत. उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोकांची पहिल्या वर्षात पुन्हा सुरुवात होते. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण पहिल्यांदा घसरल्यावर घरचे म्हणतात, ‘झालं, सगळं पाण्यात गेलं’. रक्तदाब आणि दम्याचे पेशंटही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात पुन्हा बिघडतात, आणि तेव्हा आपण औषध बदलतो, पेशंट बदलत नाही. घसरला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. महिनाभर लपवून मग येणाऱ्यांचं जास्त अवघड जातं.

‘त्याला सोडून द्यावं का?’ या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की त्याची खोटी बाजू सांभाळणं सोडा, त्याला सोडू नका. आणि हे सगळं करूनही तो आला नाही, तर तो तुमचा पराभव नाही. काही जण येतच नाहीत, काही फार उशिरा येतात. तोवर तुमची झोप, आईची तब्येत, वहिनीचं काम हे सगळं त्याच्या निर्णयावर टांगून ठेवू नका.

भाचीशी बोलणं तर त्याच्या होकारासाठी अजिबात थांबवू नका. ती सात वर्षांची आहे, तिला सगळं दिसतं. तिच्या आईने किंवा आत्या म्हणून तुम्ही तिला सरळ सांगा, की बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तू चांगले मार्क मिळवून किंवा गप्प राहून तो बरा होणार नाही, ते मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं काम आहे. रात्री भीती वाटली तर कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर तिला पाठ करून घ्या. शाळेत तिच्या एका बाईंना विश्वासात घेऊन कल्पना द्या. आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. भाऊ आला नाही तरी तुम्ही आणि वहिनी जाऊन या. पहिल्या भेटीला बहुतेक घरांतून असे नातेवाईकच येतात.